आबा, आधी गाईची जीभ सोडा

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे बोलते.

सकाळी आमची तांबू व्यायली. कालवड झाली, सगळं नीट पार पडलं. कॅल्शियमची बाटली तेवढी पाजायची होती. मी बाटली घेऊन गोठ्यात गेले, तर माझे चुलत सासरे, आबा, मदतीला आधीच हजर.

त्यांनी तांबूच्या तोंडाला बांधलेल्या म्होरकीचा दोर छपराच्या वाशावर टाकून तिचं तोंड पार वर पत्र्याकडे ओढलं. माझ्या हातातली बाटली घेतली, तिची जीभ बाहेर खेचून धरली आणि मी नको नको म्हणेपर्यंत ओतायला सुरुवातसुद्धा केली.

“मान वर केल्याबिगर औषिद पोटात जात न्हाई. आमी लय गायी पाजल्यात.”

तांबूला असा ठसका लागला की औषध नाकातून बाहेर आलं. अहो, जीभ धरून ठेवल्यावर ती गिळणार कशी? औषध फुफ्फुसात गेलं तर धडधाकट गाय हातची जाते.

वराळ्याहून डॉक्टर आले, छाती तपासली. सध्या ठीक आहे, पण धाप लागली किंवा ताप आला तर लगेच कळवायचं. आणि पुन्हा पाजताना गाय उभी हवी, मान सरळ, बाटली गालाच्या कोपऱ्यातून, घोटाघोटाने.

तुमच्याकडे अजून असंच पाजतात का?

डॉक्टर गेल्यावर आबा ओट्यावर चहा पीत बसले. मी विचारलं, “पटलं का आता?”

“थांब की गं, घोट तर गिळू दे.”

तांबूचंही तेवढंच म्हणणं होतं.