व्याहीबुवांचा खांडा

तलवारीला जन्मात कधी हात न लावता उभा जन्म तलवारीच्या नादात घालवणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो नेमका माझ्या नशिबी व्याही म्हणून आला. मुरबाडच्या पुढे, सरळगावच्या अंगाला त्यांचं गाव. घरी भातशेती, दोन म्हशी आणि एका शब्दाचं वेड. तो शब्द म्हणजे खांडा. तलवारीला जुन्या काळी खांडा म्हणायचे, एवढं तुम्हाआम्हाला कुठेतरी ऐकून माहीत असतं आणि तेवढ्यावर आपलं भागतं. व्याहीबुवांचं भागत नाही. लहानपणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातले कोयते-विळे पुजताना त्यांनी आजोबांना विचारलं होतं, की ह्या नवमीला खंडेनवमी का म्हणतात. आजोबा म्हणाले, "म्हनत्यात म्हून म्हनायचं." त्या उत्तराचा राग व्याहीबुवांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही, आणि त्याचा त्रास गेली कित्येक वर्षं आम्ही सगळे भोगतो आहोत.

आमच्या शहापूरच्या घरी ते मुलगी बघायला आले तेव्हाच मला वास यायला हवा होता. पोहे झाले, चहा झाला. मुलीला स्वयंपाक येतो का, पगार किती, नोकरी पुढे करणार का, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. मिशीला लागलेलं खोबरं पुसून त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्यात खंडेनवमीला काय पुजत्यात?" मी भातसानगरला धरणाच्या कचेरीत कारकून. म्हटलं, घरात कोयता, विळा पुजतो, आणि कचेरीत झडपांचे नट आवळायचे मोठे पाने मांडून त्यांना हळदकुंकू वाहतो. व्याहीबुवांनी मांडीवर थाप मारली. "बगा! लोखंड बदाललं, पन नवमी खांड्याचीच ऱ्हायली. जमलं आपलं!" माझी मुलगी त्या घरात धरणाच्या पान्यांमुळे पडली, असं माझी बायको आजही म्हणते.

बरं, एवढा शस्त्राचा भोक्ता, पण धारेला इतका भिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते स्वयंपाकघरात आले की विहीणबाई विळी आडवी करून ठेवतात. न्हाव्याकडे दाढीला बसले की डोळे गच्च मिटून घेतात आणि वस्तरा खाली ठेवल्याचा आवाज आल्याशिवाय उघडत नाहीत. करवंदाच्या जाळीत हात घातला आणि बोटात काटा मोडला, तर तो काढायला घरातल्या दोघांनी त्यांना धरून ठेवावं लागतं. आणि धरून ठेवलेल्या अवस्थेत हेच गृहस्थ आपल्याला सांगत असतात, की खांड्याच्या एका घावात घोड्यासकट स्वार कसा उतरायचा.

माझ्या कचेरीतल्या फोनची तर त्यांनी पार दशा केली होती. कामाच्या ऐन घाईत फोन वाजायचा. "व्याही, खांडा खड्गावरनं आला म्हनतात. पन संस्कृतात खड्ग म्हंजे गेंडा पन! आता बोला." आता मी काय बोलणार? धरणाच्या कचेरीत बसून गेंड्याबद्दल मी बोलावं तरी काय? त्यांचं स्वतःचं मत असं, की खंड करणे म्हणजे तुकडे पाडणे, त्यावरूनच खांडा आला. मग धोप वेगळी, फिरंग वेगळी, फिरंग ही फिरंग्यांच्या पात्याची, पट्टा आणखी वेगळा, असं करत करत जेवणाची सुट्टी संपायची. पुढे पुढे मी शिपायालाच सांगून ठेवलं, की मुरबाडचा फोन आला तर साहेब धरणाचे दरवाजे बघायला गेलेत म्हणायचं. त्यावर हे शिपायालाच गेंडा सांगायचे.

लग्न ठरल्यावर एकदा असंच त्यांनी मला गाठून सांगितलं, की पूर्वी नवरदेव मोहिमेवर अडकला तर तो आपला खांडा पाठवायचा. नवरी त्या खांड्याला माळ घालायची आणि लग्न लागलं असं धरायचे. मी "असं का, असं का" म्हणत मांडववाल्याला फोन लावत होतो. ही माहिती माझ्याच दारात माझ्यावर उलटेल, हे तेव्हा कुठे माहीत!

लग्नाच्या दिवशी मुरबाडहून वऱ्हाडाची बस वेळेवर आली. व्याही आले, विहीणबाई आल्या, आहेराच्या पिशव्या आल्या. आला नाही तो नवरदेव. त्याची फुलांनी सजवलेली गाडी मागून येत होती, आणि जवळचा रस्ता म्हणून त्याच्या मित्रांनी ती किन्हवलीच्या अलीकडे कुठेतरी रानात घातली होती. हे अर्थात नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं, की एकाचाही फोन लागत नाही. मुहूर्त जवळ येत चालला. भटजींना पुढे वासिंदला दुसरं लग्न लावायचं होतं. ते मनगटावरच्या घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघू लागले. आणि मग मांडवात ती कुजबुज सुरू झाली, जी मला आजही विसरता येत नाही. "पोरगा नाय म्हनला वाटतं." "कुनी दुसरी आसंल गो." माझी मुलगी मुंडावळ्या बांधून एका चादरीच्या पडद्यामागे बसली होती, बायकांच्या घोळक्यापासून हातभर अंतरावर. तिच्या कानावर काय पडत असेल, याच विचारात मी मांडवाच्या दाराशी फेऱ्या मारत होतो. बायको देवापुढे बसून रडत होती.

एवढ्यात मांडवातला माईक खरखरला. व्याहीबुवा बोहल्यावर उभे. "मंडळी, काय काळजी करू नका! मुहूर्त टळनार नाय. नवरदेवाच्या जागी खांडा उभा करून लगीन लावायची आपली जुनी रीत हाय!"

माझे थोरले बंधू संतापाने लाल झाले. "पोरगी काय लोखंडाला देतो का रे आमी?" पण गर्दीत उत्साही लोक असतातच. कुणीतरी विहीणबाईंच्या पिशवीतून नवरदेवाची कट्यार काढून आणली, टोकाला लिंबू खोचलेली, आणि व्याहीबुवांच्या हातात द्यायला लागला. व्याहीबुवा दोन पावलं मागे सरले. धारेला भ्याले, हे मला दिसलं. पण माईकवर ते म्हणाले, "ही? ही कट्यार हाय! खांडा सरळ असतो, रुंद असतो, दुधारी असतो. कट्यारीशी लावलेलं लगीन कोन खरं मानंल?" म्हणजे तोडगा यांचाच, आणि तो हाणून पाडणारेही हेच. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात भटजींच्या तोंडून निघून गेलं, "अहो, मूळ शब्द खड्ग आहे." झालं. व्याहीबुवांनी भटजींचा हात धरून त्यांना बोहल्यावर घेतलं. खड्ग की खंड, यावर जी जुंपली म्हणता! भटजी संस्कृत सोडत होते, व्याहीबुवा खंडेनवमी आणि खंडोबा सोडत होते. शहापूरची मंडळी भटजींच्या बाजूने टाळ्या वाजवायला लागली, मुरबाडची व्याह्यांच्या. कुजबुजणाऱ्या बायकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. मागून व्याह्यांच्याच गावच्या एका म्हाताऱ्याने ओरडून विचारलं, "आनि ता गेंडा कुटं गेला?" तेव्हा सगळा मांडव हसला. पडदा जरासा बाजूला झाला आणि आतून माझी मुलगी, मुंडावळ्या सावरत, तीही हसताना दिसली. ते हसू बघितल्यावर मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

वासिंदच्या लग्नाची भटजींना आठवण राहिली नव्हती. वाद गेंड्याच्या शिंगापर्यंत पोचला असताना रस्त्यावर हॉर्न वाजला, आणि पेंढ्याने शिगोशीग भरलेल्या टेम्पोवरून, फेट्यात काड्या अडकलेला नवरदेव खाली उतरला. गाडी रानात बंद पडली होती, हा टेम्पो देवासारखा भेटला होता. भटजींनी घड्याळ बघितलं, दचकले, आणि अजून काळ शुभच आहे असं जाहीर करून टाकलं. अक्षता पडल्या तेव्हा मी खांबाला टेकून चक्क खाली बसलो. एवढं हलकं मला उभ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पुढे ही गोष्ट मी शंभर ठिकाणी सांगितली. माझ्या मुलीचं लग्न खांड्याशी लावतो म्हणणारा, आणि खांडा शास्त्राप्रमाणे नाही म्हणून अडून बसणारा माझा व्याही! लोक पोट धरून हसायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही हसायचो.

यंदा पावसाळ्यात व्याहीबुवांच्या घशात गाठ निघाली. तपासणीचा निकाल येईपर्यंत दोन्ही घरांत कुणाच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. गाठ साधी निघाली, काढून टाकली, आणि आम्ही पेढे वाटले. डॉक्टरांनी फक्त आवाज जपायला सांगितलाय. थोडं बोला, हळू बोला. खंडेनवमीला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर पडवीत पाटावर कोयते, विळे, नांगराचा फाळ आणि जावयाच्या दुचाकीची चावी मांडलेली, आणि व्याहीबुवा गप्प. ज्या गप्प बसण्यासाठी मी देवाला साकडं घालायचो, ते मला त्या दिवशी बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी लग्नातली गंमत काढली.

ते घोगऱ्या आवाजात, हळूच म्हणाले, "व्याही, खांड्याशी लगीन आता कोन लावतं? यवडं मला कळत नवतं का? माजा पोरगा येनार ह्ये मला ठावं व्हतं. पन पोर पडद्याआड बसलेली. मी गप ऱ्हायलो असतो तं मंडपात दुसराच विषय चालला असता. म्हनून बोलत ऱ्हायलो."

मी पाटावरचं हळदकुंकू बघत बसलो. या माणसाचा फोन आला की मी दरवाजे बघायला जात होतो. माझी मुलगी आतून चहा घेऊन आली, सासऱ्यांच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि गेली. डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

मग खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली आणि विचारलं, "पण व्याही, ते खड्ग म्हणजे गेंडा, ते नेमकं कसं?"

व्याहीबुवांनी विहीणबाई कुठे आहेत ते बघितलं, माझ्याकडे वाकले आणि कुजबुजत सुरुवात केली.