यादीतलं पहिलं नाव

टॉवर चौकात चष्म्याच्या दुकानात बसले होते, तेवढ्यात आमच्या जुन्या वाचनालयातल्या शबानाचा फोन आला. "ताई, मंदाताई नहीं रहीं. सुबह चाय लेकर गए तो... उठीं ही नहीं." मी अरेरे म्हटलं. घरी कोण आहे, केव्हा नेणार, सगळं रीतीप्रमाणे विचारलं. फोन ठेवला आणि माझा श्वास एकदम मोकळा झाला. ती गोष्ट ठाऊक असलेलं माणूस आता माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. मंदाकिनी इंदूरकर गेल्याचं ऐकून मला सगळ्यात आधी हे वाटलं. सहा आठवडे झाले, तरी हे लिहिताना माझे कान तापलेत.

मंदाताई आणि मी उज्जैनच्याच एका खाजगी संस्थेच्या वाचनालयात होतो. मी कॅटलॉगिंगला, त्या देवघेवीच्या काउंटरवर. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, नवरा लवकर गेलेला, जीभ तिखट. पुस्तकाचं पान दुमडून आणणाऱ्या कॉलेजकुमाराला त्या भर रांगेत विचारायच्या, "भैयाजी, घर में भी सबके कान ऐसे ही मोड़ते हो क्या?" तो बिचारा खाली मान घालून पान सरळ करत बसायचा. आम्ही अकरा माणसं होतो आणि नेमणुकीचं पत्र एकाकडेही नव्हतं. परीक्षांच्या दिवसांत वाचनकक्ष रोज उघडा, म्हणजे आमची सुट्टीही बंद. बायकांसाठी बाथरूम नव्हतं. समोरच्या साडीच्या दुकानात जाऊन, त्यांच्या नोकरांच्या नजरा चुकवत, हात जोडून परवानगी मागायची. शबाना तेव्हा सातव्या महिन्यात होती. दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडते म्हणून तिला संस्थेच्या सचिवांनी ऐकवलं, "इतनी तकलीफ़ है तो घर बैठो." मंदाताईंनी ते ऐकलं आणि हातातला शिक्का टेबलावर ठेवला. "बस्स. बहुत हो गया. सुनंदा, आता युनियन करायची."

पहिली बैठक त्यांच्या फ्रीगंजमधल्या दोन खोल्यांत झाली. मागण्या पोहे खाता खाताच लिहून झाल्या. गाडी अडली ती सह्यांवर. अर्जावर सगळ्यात वर नाव कोणाचं? जो वर दिसेल त्यालाच साहेब धरणार, हे सगळ्यांना कळत होतं. सगळे एकमेकांच्या ताटल्यांकडे बघत बसले... तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तोडगा काढला. आपण वाचनालयवाले, नावं आडनावाच्या अक्षरक्रमानं लावू. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. सगळ्यांना पटलं. मंदाताई म्हणाल्या, "वाह, आमच्या कॅटलॉगवाल्या बाई कामाला आल्या." मी फुगून घरी गेले. पहिलं आडनाव आपटे येतं, म्हणजे माझंच, हे मला स्कूटीला किल्ली लावताना सुचलं.

दुसऱ्या दिवशी यादी टाइप करायला बसले. आमच्या कामात एक सोय असते. एखादा लेखक दोन नावांनी लिहीत असेल, तर त्याला कुठल्याही एका नावाखाली लावता येतं, आणि दुसऱ्या नावाच्या जागी 'तिकडे पाहा' असं कार्ड ठेवायचं असतं. मी स्वतःला माहेरच्या नावाखाली लावलं. सुनंदा वैद्य, यादीत सगळ्यात शेवटी. तिकडे पाहा सांगणारं कार्ड मात्र ठेवलं नाही. वरून सुरुवात आता इंदूरकरांपासून होत होती. बाकीच्यांनी घाईघाईत आपापल्या नावापुढे सह्या केल्या, वरखाली कोणी पाहिलं नाही. मंदाताईंनी मात्र कागद वाचला, शेवटच्या नावावर थांबल्या. "हे काय गं?" मी म्हटलं, सर्टिफिकेटवर हेच आहे. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सही ठोकली आणि म्हणाल्या, "चल, दे आता."

तीन दिवसांनी सचिवांनी त्यांना बोलावलं. नवीन पुस्तकांची यादी घेऊन मीही नेमकी त्याच वेळी आत होते. "सबसे ऊपर आपका नाम है, तो नेता आप ही हुईं." मंदाताई म्हणाल्या, "नाम तो अक्षर के हिसाब से हैं, सर. पर आप नेता समझते हैं तो वही सही." मग सचिवांनी यादीवरून बोट खाली नेलं. "और ये वैद्य कौन है? हमारे यहाँ तो कोई वैद्य नहीं." माझ्याकडे वळून म्हणाले, "आपटे मैडम, आप तो इसमें नहीं हैं ना?"

मी म्हटलं, "नहीं, सर."

मंदाताई माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तरी माझी नोकरी गेली असती. पुढच्या महिन्यापासून कामावर येऊ नका, असं त्यांना तोंडी सांगितलं गेलं. नेमणुकीचं पत्रच नव्हतं, मग काढल्याचं तरी कुठून येणार? माझ्या घरात तेव्हा माझाच पगार होता, हे खरं आहे. त्यांच्याही घरात त्यांचाच होता.

नंतर त्यांनी शिकवण्या धरल्या आणि उरलेल्या वेळात ऑटो, बस, मिळेल त्यानं शहरातली शाळा-कॉलेजांची वाचनालयं पालथी घातली. युनियन उभी राहिली. श्रम कार्यालयाच्या पायऱ्या चढून चढून त्यांचे गुडघे गेले, पण आमच्या वाचनालयातही शेवटी पत्रं आली, सुट्टी आली, बायकांसाठी बाथरूम झालं. ते सगळं मी भोगलं. निवृत्तीला शालही घेतली. त्या समारंभाला मंदाताई पहिल्या रांगेत होत्या, आणि "सुनंदा, पेढा छोटा आणलास गं" एवढंच बोलल्या. कधी टोमणा नाही, कधी बोलणं टाकलं नाही. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दर भेटीत वाटायचं, आज माफी मागू. मग चहा यायचा, विषय निघायचे आणि मी निघायची.

गेल्या आठवड्यात युनियनची शोकसभा झाली. मी पण बोलले, त्यांच्या धाडसावर. टाळ्या पडल्या. सभेनंतर शबाना एक कागद घेऊन आली. कंत्राटावरच्या नव्या मुलींसाठी मागणीपत्र होतं, निवृत्तांचाही पाठिंबा हवा होता. "ताई, नाम हम अक्षर से ही लगाते हैं. मंदाताई ने शुरू से यही रखा था. आप सबसे ऊपर आएँगी, चलेगा?"

मी सही केली. आपटे, ठळक अक्षरांत. आता कोण मला कुठून काढणार होतं? नव्या मुलींपैकी एकीनं वाकून माझ्या पायांना हात लावला. "बड़ी हिम्मत है ताई आपमें," ती म्हणाली... आणि मी तिला आशीर्वाद दिला.