मेट्रोचं एक टोक, देवाचा कौल आणि माझं भौतिकशास्त्र

आम्ही मुंबईत कुठे राहायचं हे मालवणजवळच्या एका देवळात ठरलं.

मुलुंडची आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि महिनाअखेर घर रिकामं करायचं फर्मान निघालं. बायको शलाका म्हणाली, "आता भाड्याने राहायचंच आहे ना, मग मेट्रोलगतच राहायचं." मी लगेच मान डोलावली. (लग्नानंतर आमचं एकमत झालेली ही दुसरी गोष्ट. पहिली, पंखा चारवर.) पण मेट्रोला दोन टोकं असतात! तिचं ऑफिस अंधेरी पश्चिमेला डी. एन. नगरजवळ आणि माझा क्लास घाटकोपर स्टेशनसमोर. मी दहावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. हे लक्षात ठेवा, मला विसरता येत नाही.

"घाटकोपर बेस्ट आहे गं! लोकल आणि मेट्रो दोन्ही मिळतात."

"तुला क्लासमधून दुपारी घरी येऊन झोपायचंय, सरळ सांग ना!"

मधलं साकीनाका सुचवून पाहिलं. तेही फेटाळलं गेलं, कारण त्यात दोघांनाही त्रास होता आणि समोरच्याला होतोय याचा आनंदही पुरेसा नव्हता. आठ दिवस घरात भांडीसुद्धा जोरात ठेवली जात होती.

शेवटी आई उठली. "तुमी दोगव गप ऱ्हवा! घाटकोपराक जावचा की नाय, ता देव सांगतलो."

झालं! गावी माझ्या चुलतभावाला, बंड्याला फोन गेला. आमच्याकडे गुरव देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. देवाच्या उजव्या बाजूची पडली तर होकार, डाव्या बाजूची पडली तर नकार. बंड्याने व्हिडिओ कॉल लावला. गुरवाने "बा देवा म्हाराजा" म्हणताच रेंज गेली! पाच मिनिटांनी फॅमिली ग्रुपवर बंड्याचा फोटो आला. बेट्याने देवाबरोबर चक्क सेल्फी काढला होता! मागे देव, आणि देवाच्या अंगावर एकच पाकळी शिल्लक.

"डावीकडची पडलीय," शलाका आनंदाने ओरडली. "नको म्हणतोय देव. चला अंधेरीला!"

मी हसलो. वर्गात फळ्यासमोर हसतो तसाच. "शलाका, देव आपल्याकडे तोंड करून बसलाय ना? म्हणजे आपली डावी ती देवाची उजवी! हो म्हणाला देव!"

आईने फोटोला हात जोडले. शलाकाने तीन वेळा वळून, हात पुढेमागे करून पाहिलं आणि शेवटी ती खोकी भरायला उठली. इतका सुंदर क्षण माझ्या संसारात क्वचितच आला होता.

रविवारी टेम्पो घाटकोपरला लागला. घरमालक ओळखीचे, सोमवारी सही करू म्हणून त्यांनी किल्ली आधीच दिली होती. कपाट तिसऱ्या मजल्यावर चढलं, फ्रिज जिन्यात अडकला, आई हातात देव्हारा घेऊन दारात आली आणि बंड्याचा फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"काकी, सामान खंय उतरवतंस गो?"

"घाटकोपराक! देवान सांगितल्यान ना!"

"गो, डावो कौल झालो तरी गेलंस थंय?"

जिन्यात फ्रिजसकट सगळे थांबले.

"डावा कसा?" मी किंचाळलो. "फोटो आहे माझ्याकडे!"

शलाकाने माझ्या हातातून फोन घेतला, फोटो मोठा केला आणि शांतपणे विचारलं, "शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो ना? मग बंडूभावजींचा उजव्या छातीवर का आहे रे?"

मी पाहिलं. खिसा खरंच त्याच्या उजव्या छातीवर होता! बंड्याच्या मोबाइलने सेल्फी आरशासारखा उलटा साठवला होता. म्हणजे मी देवाची बाजू अगदी शास्त्रशुद्ध उलटवली होती, फक्त ती मोबाइलने आधीच एकदा उलटवलेली होती. शलाका चुकीच्या पद्धतीने बरोबर होती आणि मी बरोबर पद्धतीने गाढव ठरलो होतो.

"देवाचो शब्द मोडून मी हो उंबरो ओलांडूचंय नाय," आई म्हणाली आणि देव्हारा मांडीवर घेऊन पायरीवर बसली. हमालांनी फ्रिज तिच्या शेजारी टेकवला.

"आता काय वाट लागली यार!" मी कपाळाला हात लावला. "करायचं काय?"

"डी. एन. नगरला मी एक घर बघून ठेवलं होतं, तिथल्या एजंटला अजून 'नको' म्हणून कळवलंच नव्हतं," शलाका म्हणाली.

बंड्या पुन्हा देवळात धावला. या वेळी अंधेरीसाठी कौल लागला आणि शलाकाने त्याला बजावलं, "भावजी, फोटो नको. तोंडाने सांगा!" उजवा झाला. आई उठली, कपाट उतरलं आणि टेम्पो अंधेरीकडे वळला. घरमालकांची माफी मागायला अर्थातच मला मागे ठेवलं होतं.

आता शलाका ऑफिसला चालत जाते आणि दुपारी घरी येऊन जेवते. मी मात्र मेट्रोत बसून ही लाइन जवळजवळ पुरती पार करतो, घाटकोपरला मुलांना आरशात उजव्याचं डावं कसं दिसतं ते शिकवायला!