मिशीवाली जिराफआई

आमच्या जिराफआईला मिशा होत्या. चांगल्या भरघोस, टोकांना पीळ दिलेल्या. नाटकासाठी मास्तरांनी त्या काढायला सांगितल्या तेव्हा तात्यांनी शांतपणे विचारलं, "जिराफाच्या आईक मिशी नसता, ह्यां तुमी खंय बघितलात?" मास्तरांनी आयुष्यात जिराफ पाहिला होता तो एका जुन्या कॅलेंडरवर, आणि त्या चित्रात तो पाठमोरा होता. त्यामुळे मिशा राहिल्या.

तात्या म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीतला सर्वांत उंच माणूस. गिरणीत विणकर होते, दोन साचे, म्हणजे माग, सांभाळायचे. चाळ बांधणाऱ्याने दरवाजे ठेवताना असा कुणी भाडेकरू येईल हे धरलेलंच नव्हतं. कपाळावर एक टेंगूळ कायम असे. जुनं बसेपर्यंत नवं तयार. मंडळींनी हळहळ दाखवली की ते चौकटीचीच बाजू घ्यायचे. "ती आपल्या जागेवर आसा. मीच आपाटलंय," म्हणायचे आणि आत जाताना पुन्हा आपटायचे.

त्यांची बायको गेली तेव्हा शेवंती अडीच वर्षांची होती. तेव्हापासून आई आणि बाप ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत तात्या गॅलरीत पाटावर बसत, शेवंतीला पुढ्यात घेत आणि तिच्या दोन वेण्या घालत. भांग असा सरळ की आमच्या आयांना लाज वाटावी. पण रिबिनीशी आले की त्यांच्यातला विणकर जागा व्हायचा. तुटलेला धागा सांधायची जी बारीक गाठ गिरणीत मारतात, तीच ते रिबिनीला मारत. एकदा मी हौसेने त्यांच्याकडून वेणी घालून घेतली. संध्याकाळी ती रिबीन सोडवताना माझी आई रडकुंडीला आली आणि शेवटी कात्रीने रिबीन कापून माझी सुटका झाली. त्यात माझा एक झुबका केसही गेला, तो आईने मला दाखवला नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज या नाक्यावर सभा, उद्या त्या नाक्यावरून मोर्चा. शाळा चालू असली की आम्हा सात मुलींना रस्ता ओलांडून पोचवायचं काम, दुसरी पाळी असली म्हणजे, तात्यांकडे. पुढे ते आणि मागे आमची रांग. त्यांना गर्दीच्या डोक्यांवरून पलीकडचं दिसे, म्हणून गॅलरीतल्या बायका वरून विचारत, "तात्या, पुढे काय दिसतंय हो?" तात्या टाचा उंचावत, नीट पाहत आणि सांगत, "लोक." एवढ्याशा बातमीसाठी एवढी उंची देवाने फुकट घालवली, असं माझी आजी म्हणायची. पण पोलिसांची गाडी सगळ्यांच्या आधी दिसायची ती त्यांनाच. मग ते सहज वळत आणि आम्ही सातही जणी त्यांच्या मागून जवळच्या जिन्यात शिरत. घाबरायचं असतं हे आम्हाला कितीतरी दिवस कळलंच नव्हतं.

त्या वर्षी चाळीच्या सत्यनारायणाला मास्तरांनी नाटक लिहिलं. मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहत, रात्रशाळेत शिकवत आणि चळवळीचं नाटक लिहायला कधीपासून टपून बसले होते. पण परवानगी मिळेना. म्हणून त्यांनी माणसं काढून जनावरं घातली. एक पाणवठा, तिथे राहणारा जिराफांचा कळप, आणि त्यांना हुसकावायला आलेली तरसं. चौकीवरच्या साहेबांनी संशयाने विचारलं, "यात मुंबई कुठे आहे?" मास्तर म्हणाले, "साहेब, यात झाडंच आहेत."

कळपाची पुढारी जिराफआई, आणि ती कोण होणार यावर चर्चाच झाली नाही. बांबू आणि गोणपाटाची मान केली, तिला पिवडी फासली, वर तांबड्या कावेचे ठिपके. आम्ही सात मुली पिल्लं झालो. मास्तरांनी कुठेतरी वाचलं होतं की जिराफाला आवाज जवळजवळ नसतो, म्हणून त्यांनी आईला एकही वाक्य दिलं नव्हतं. तात्यांना ते पटेना. "सात पोरांची आई, आणि एक शब्द बोलणा नाय? अशी आई मी बघूक नाय." तालमी सुरू झाल्या आणि आम्ही त्यांना जिराफआई म्हणायला लागलो. पुढे चाळच म्हणू लागली. ते हाकेला ओ देत.

याच सुमारास शेवंतीची मावशी गावाहून आली. ठेंगणी, ठसठशीत, बोलायला फटकळ. ती शेवंतीला, तिच्या भाषेत चेडवाला, घेऊन जायला आली होती. गॅलरीत उभी राहून, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "चेडू आता मोठा होतला. बापयाक त्यातला काय कळतला? रोज मोर्चे, रोज लाठ्ये. उद्या तुझाच काय झाला तर?" तात्यांनी वाद घातला नाही. आम्हाला वाटलं होतं ते भांडतील. पण त्यांनी मान डोलावली आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवशीच्या बोटीने शेवंतीला पाठवायचं कबूल केलं. मावशीचं म्हणणं त्यांना खरंच वाटत होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्या आठवड्यात ते शेवंतीला तिची तिलाच वेणी घालायला शिकवू लागले. तिला ती मुद्दाम जमत नव्हती.

नाटकाच्या संध्याकाळी चौकात टेबलं आणि बाकं जोडून रंगमंच केला होता. पहिल्या रांगेत मावशी. तिची ट्रंक दुपारीच भरून झाली होती आणि शेवंतीचे चारही फ्रॉक त्यात गेले होते. पहिल्या अंकाच्या शेवटी तरस येऊन सर्वांत धाकटं पिल्लू, म्हणजे शेवंतीला, पळवणार आणि दुसऱ्या अंकात कळप तिला सोडवून आणणार, असं कथानक होतं. पण पिल्लाच्या मुखवट्यातून शेवंतीला धड दिसत नव्हतं आणि टेबलांमध्ये चांगली वीतभर फट होती. पोर पडेल म्हणून तात्यांनी पडदा उघडायच्या आधी एक सुती दोरी तिच्या कमरेला आणि आपल्या कमरेला बांधली. बांधली ती अर्थात गिरणीतली गाठ.

खालच्या मजल्यावरचा दामू तरस झाला होता. तो गुरगुरत आला, त्याने शेवंतीला उचललं आणि निघाला. दोन पावलांवर अडकला. त्याने हिसका दिला तशी जिराफआईही त्याच्यामागे फरफटली. आणखी एक हिसका, आणि बांबूची मान मोडून त्याच्याच डोक्यात पडली. प्रेक्षक हसून बाकांवरून घसरले. विंगेतून मास्तर ओरडत होते, "तात्या, पिल्लू सोडा. अहो, दुसरा अंक आहे." तात्या गाठीशी झटापट करत म्हणाले, "सुटणा नाय." दामू रडवेला होऊन म्हणाला, "मग मी पळवू काय?"

मी तिथेच, कळपात तिसरी उभी होते. तात्यांची बोटं थांबलेली मला दिसली. त्यांनी गाठ सोडली, म्हणजे सोडायचा नाद सोडला. शेवंतीला दामूच्या हातातून काढून कडेवर घेतलं. मान तर मोडलीच होती. गोणपाटातून त्यांचा स्वतःचा चेहरा बाहेर आला होता, मिशांना पिवडी लागलेली. ते रंगमंचाच्या कडेपर्यंत आले आणि पहिल्या रांगेकडे बघत म्हणाले, "माझा चेडू खंय जावचा नाय."

हे वाक्य नाटकात नव्हतं. त्यांना नाटकात वाक्यच नव्हतं. पण चौकातल्या लोकांना त्यात मुंबईच ऐकू आली आणि घोषणा सुरू झाल्या, त्या थांबेनात, आणि मास्तरांचा दुसरा अंक कायमचा राहिला. त्याचं दुःख मास्तर पुढे वीस वर्षं सांगत होते.

मावशी मात्र घोषणा देत नव्हती. ती तरातरा पडद्यामागे आली. आधी तिने हातांनी गाठ सोडवून पाहिली, मग दातांनी. काही उपयोग झाला नाही. माझ्या आईने अडकित्ता आणून दोरी कापली तरी शेवंती कडेवरून उतरेना. मावशी तिच्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिली. आम्हाला वाटलं, आता तोफ सुटणार. मावशी म्हणाली, "तेल लय घालतंस. कपाळार येता." आणि पदराने तिने पोरीचं कपाळ पुसलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बोटीवर गेली. फ्रॉक पुन्हा खुंटीवर आले. तात्या त्या दिवशी कामावर गेले नाहीत. दिवसभर गॅलरीत बसून येईल-जाईल त्याला चहा पाजत होते.

मग तात्यांनी आईपण रीतसर चालवलं. शाळेने मुलींच्या आयांना हळदीकुंकवाला बोलावलं तर हे धुतलेला शर्ट घालून गेले, बायकांच्या रांगेत शेवटी बसले आणि वाण म्हणून मिळालेली साबणाची डबी घेऊन आले. शेवंती मोठी झाली त्या दिवशी ते आमच्या दारात येऊन नुसतेच उभे राहिले. आई समजली. "तुम्ही आता खाली फेरी मारून या," एवढंच म्हणाली. ते गेले ते थेट दादरपर्यंत चालत जाऊन आले, आणि येताना कुणी न सांगता गजरा घेऊन आले.

शेवंतीचं लग्न चाळीच्याच चौकात झालं. वरपक्षाने मुलीच्या आईसाठी साडी आणली होती. पोटात मुलगी वाढवली म्हणून तिच्या आईला देतात ती साडी. पोटझाकण म्हणतात तिला. भटजींनी विचारलं, "मुलीच्या आईच्या जागी कोण?" बायकांनी मावशीला पुढे ढकललं. मावशीने साडी हातात घेतली, कपाळाला लावली आणि परत वराच्या आईच्या हातात ठेवली. म्हणाली, "मी मावशी. आई ती काय, थय उभी आसा." आणि खांबाशी उभ्या असलेल्या तात्यांकडे बोट दाखवलं.

मांडवात कुणी हसलं नाही. वराची आई क्षणभर गोंधळली, मग उठली आणि साडी घेऊन खांबापाशी गेली. तात्यांनी दोन्ही हात पुढे केले. सवयीने अंगठ्याखाली पदराचा पोत पाहिला, "माल चांगलो आसा," म्हणाले, आणि ती हिरवी नऊवारी तोंडाशी धरून सगळ्या मांडवादेखत हमसून हमसून रडू लागले. एवढा उंच माणूस रडायला लागला की त्याला जवळ घेणार कोण आणि कसं, हे कुणालाच सुचेना.

वराच्या आईचा हात कसाबसा त्यांच्या कोपरापर्यंत पोचला. तिने तो तिथेच ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "विहीणबाई, डोळे पुसा. मुलगी निघाली."