दोन चुलींचं आवतण

समस्त वाचकवर्गाला अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, मंगरूळपीरच्या आमच्या तंत्रनिकेतनात ‘चहा आला’ ही घोषणा गेल्या वर्षीपासून फक्त एकदाच होते. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची गरज नाही. उभे राहिलातच तर चहा थंड होईल.

पंचफुलाबाई होत्या तोवर ही घोषणा माणशी एकदा होत असे. स्टाफरूममध्ये चौघं बसलेले असले तर दारात उभं राहून सगळ्यांना मिळून एक हाक मारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या आत येत. पहिल्यासमोर थांबून म्हणत, “चहा आला, सर.” मग दुसऱ्यासमोर तेच, त्याच सुरात, जणू ही बातमी त्या खोलीत प्रथमच येत होती. चौथ्याचा नंबर लागेपर्यंत पहिल्याचा कप रिकामा झालेला असे. सकाळचा ‘जय भीम’ही असाच, प्रत्येकाला वेगळा, नावानिशी आणि नजरेला नजर देऊन.

आमच्या संगणक विभागाच्या त्या लॅब अटेंडंट. इंझोरीहून सकाळच्या एसटीनं यायच्या. चष्म्याला दोरी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि मॉनिटर पुसायचं एक मऊ फडकं, जे त्या रोज घरी नेऊन धुऊन आणत. कॉलेजचं फडकं त्यांना पसंत नव्हतं. “त्या फडक्यानं धूळ जात नाई सर, नुसती जागा बदलते.”

एका स्नेहसंमेलनात मी त्यांची नक्कल केली. होय, केली, माझ्या अंगात हे गुण लहानपणापासून आहेत. डोक्यावर पदर घेऊन मंचावरच्या तिघांना मी एकेक करून ‘चहा आला’ सांगितलं. सभागृह लोटपोट झालं. पहिल्या रांगेत बसलेल्या बाई सगळ्यांत जास्त हसल्या आणि खाली उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “लय झकास केलं सर. पन पडदेवाला राह्यला नं. थो बी मंचावरच होता.”

“बाई, पण एकदा मोठ्यानं ओरडलं की सगळ्यांना ऐकू जातं की!”

“ऐकू जाते,” त्या म्हणाल्या. “सांगतलं होत नाई.”

मी तेव्हा हे वाक्य हसण्यावारी नेलं. त्याचा हिशेब पुढे झाला.

झालं असं की, आमची नेटवर्कची लॅब बंद करून यंत्रसामग्री संस्थेच्या दुसऱ्या गावच्या कॉलेजात हलवायचं घाटत होतं. लॅब गेली की अटेंडंटची जागाही तिकडेच जाणार. बाईंच्या निवृत्तीला वर्ष उरलेलं, आणि तिकडे इंझोरीहून रोज जाऊन येणं अशक्य. संस्थेनं पाच जणांची समिती नेमली: लॅबमध्ये खरंच काही काम चालतं का ते पाहा, मग ठरवू. दाखवण्याजोगं काम आमच्याकडे एकच होतं, शेवटच्या वर्षातल्या साक्षी आणि तिच्या तीन जोडीदारांचा प्रकल्प.

प्रकल्पाचं नाव भारदस्त होतं, सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्क. घाबरू नका. साध्या नेटवर्कमध्ये संगणक जोडणाऱ्या प्रत्येक स्विचला स्वतःची थोडी अक्कल असते. या प्रकारात ती सगळी काढून एका ठिकाणी ठेवतात, त्याला म्हणतात कंट्रोलर. स्विचपाशी ओळखीचं नसलेलं पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, आलं, की तो कंट्रोलरला विचारतो, “साहेब, याचं काय करू?” साहेब सांगतात, “अमुक दारातून पुढे पाठव.” मग स्विच तसं करतो. सरकारी कचेरी पाहिलेल्या कोणालाही हे समजायला हरकत नाही.

पोरांनी दोन स्विच एकापुढे एक जोडले, दोन टोकांना दोन लॅपटॉप ठेवले, मध्ये कंट्रोलर. सगळं सुरू झालं. फक्त एक भानगड होती. पाकीट एक जाई, पण कंट्रोलरच्या पडद्यावर प्रश्न दोनदा उमटे. तोच प्रश्न, त्याच पाकिटाचा, अक्षरन् अक्षर सारखा.

“सर, समितीनं पाहिलं तर?” साक्षी म्हणाली.

आम्ही केबली बदलल्या. कुठे गोल फेरा झालाय का ते तपासलं. प्रोग्राममध्ये एकच काम चुकून दोनदा लिहिलंय का ते ओळीओळीनं पाहिलं. काही सापडेना. समिती दोन दिवसांवर आली, आणि मग मी, अठरा वर्षांच्या अध्यापनाचा अनुभव पणाला लावून, बाह्या सरसावल्या. प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या: एकदा येऊन गेलेला प्रश्न परत आला की उत्तर देऊ नका, फेकून द्या.

पडदा आरशासारखा स्वच्छ झाला. प्रश्न एकदाच. मी टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो.

“सर,” साक्षी हळूच म्हणाली, “आता पाकीटच पोचून नाही राह्यलं.”

खरंच. इकडचा लॅपटॉप हाका मारत होता, तिकडचा ढिम्म. आधी पडदा वाईट दिसत होता पण काम चालत होतं. आता पडदा सुरेख आणि काम ठप्प. मी काही वेळ विजेच्या दाबाला दोष दिला. कोणी ऐकलं नाही.

पंचफुलाबाई तेव्हा पलीकडचा मॉनिटर पुसत होत्या. फडकं थांबवून त्यांनी विचारलं, “सर, काय बिघडून राह्यलं?”

“तोच प्रश्न दोनदा येतोय, बाई.”

“एकानं दोनदा इचारला, का दोघायनं एकेकदा?”

आम्ही सगळ्यांनी प्रश्न काय आहे ते शंभरदा वाचलं होतं. तो विचारला कोणी, हे पडद्यावर छापायचं कोणाला सुचलंच नव्हतं. साक्षीनं झटकन दोन शब्द वाढवले, माझ्या चार अमर ओळी बाजूला ठेवल्या आणि पाकीट सोडलं. पडद्यावर उमटलं: पहिला प्रश्न, विचारणारा स्विच एक. दुसरा प्रश्न, विचारणारा स्विच दोन.

तेच पाकीट वाटेत दोघांच्या दारात गेलं होतं, आणि दोघांनीही आपापल्या परीनं अदबीनं विचारलं होतं. मी पहिल्याला उत्तर दिलं आणि दुसऱ्याचा प्रश्न केरात टाकला. तो बिचारा पाकीट हातात धरून उभा.

“बाई, तुम्हाला कसं सुचलं?” साक्षीनं विचारलं.

“माह्याच हातून झालतं नं एकदा,” बाई स्टूल ओढून बसल्या. “मी नवी नवरी. नणंदेचं लगन. सासूनं मले आवतण द्याले धाडलं. आमच्या गल्लीत एक घर, दरवाजा एक, आंगन एक, पन भाऊ येगळे निंगालेले. चुली दोन. मी त्या घरच्या मोठ्या सुनेले सांगतलं, ‘सायंकाळी जेवाले या.’ धाकटी कौसाबाई तेथीच उभी. तांदूळ निवडून राह्यली होती. मले वाटलं, ऐकलं तिनं. मंग आता पुन्हा कायले सांगा?”

“मग?”

“मंग काय! मोठीचं घरदार आलं. कौसाबाई नवं लुगडं नेसून, लेकरायची येणीफणी करून, उंबऱ्यावर बसून राह्यली. पंगती उठल्या तरी बसलेलीच. तिच्या चुलीले आवतणच नोतं नं. तीन वर्सं बोलली नाई मायासंगं.” बाईंनी फडक्याची घडी घातली. “लेकरं उपाशी झोपली म्हने. थे मले अजून लागते. ऐकलं होतं तिनं. सांगतलं नोतं.”

मंचावरचा माझा पदर मला तेव्हा आठवला, आणि मी उगीचच एक केबल गुंडाळू लागलो.

समितीचे अध्यक्ष म्हणजे इस्त्रीचे गृहस्थ. मूळचे इकडच्याच जऊळक्याचे म्हणे, पण बोलण्यातून गाव पार धुऊन काढलेलं. प्रत्येक वाक्य छापखान्यातून आल्यासारखं. साक्षीनं प्रयोग छान दाखवला. पाकीट गेलं, पोचलं. अध्यक्षांनी पडद्याकडे बोट केलं. “परंतु येथे एकाच गोष्टीची द्विरुक्ती होताना दिसते आहे. हा दोषच नव्हे काय?”

“सर, विचारणारे दोन आहेत,” साक्षी म्हणाली. “दोघांनाही सांगावं लागतं.”

“एकाला सांगितले, की दुसऱ्याने समजून घ्यावे. यंत्रणेत इतपत समंजसपणा अपेक्षित आहे.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली. ती रेघ मला चांगली दिसली नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनीही ती रेघ पाहिली होती.

दुपारी जेवणाचा बेत रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा. बाई लॅबच्या दारातून आत आल्या. पहिल्या सदस्यासमोर थांबल्या, “सर, जेवाले चला.” दुसऱ्यासमोर, “सर, जेवाले चला.” तिसऱ्याला सांगितलं, चौथ्याला सांगितलं. पाचव्या खुर्चीत अध्यक्ष सरसावून बसले, पेनाचं टोपण लावलं, चेहरा वर केला. बाईंनी पदर खोचला आणि पानं मांडायला निघून गेल्या.

हे विसरून झालं की ठरवून, मी पुढे कितीदा तरी विचारलं. “पाच होते का, सर?” एवढंच त्या म्हणत. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा तेच. त्या दिवशी त्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकासमोर उभ्या राहून “येते” म्हणाल्या, आणि इंझोरीची एसटी चुकवली. हो, निवृत्त झाल्या त्या आमच्याच लॅबमधून. वहीतली ती रेघ, वरच्या मजकुरासकट, अध्यक्षांनी जेवण झाल्यावर स्वतःच्या हातानं खोडली.

पण त्याआधीचं सांगतो. चौघं पंगतीला बसले, भाजीचा वास लॅबपर्यंत पोचला, आणि पाचवं पान रिकामं. मी बोलवायला परत गेलो. अध्यक्ष ताठ बसलेले, समोर वही, नजर दारावर. माझ्या मागोमाग बाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या. त्यांना पाहताच त्या इस्त्रीच्या माणसाचा सगळा छापखाना बंद पडला आणि ते मोठ्यानं बोलून गेले:

“अवो बाई, चौघायले सांगतलं, मंग मलेच काहून नाई सांगतलं?”