हिवकऱ्यांचे कान

माझी बायको गेली त्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "कान बघा माझे."

मी बघितले. मला वाटलं, कान दुखून राह्यला. लसणाची पाकळी तेलात कढवली, तेल कोमट होऊ दिलं आणि दोन्ही कानांत दोन-दोन थेंब सोडले. ती माझ्याकडं बघत राहिली, मंग डोळे मिटून घेतले. दुपारी गेली. ताप डोक्यात चढला होता असं डॉक्टर म्हणला. म्हणला असेल. मला त्यातलं काही कळत न्हाई.

माझी शाळा चौथीपर्यंत. पोरगी अंबडला शाळेत शिकवते. दहावं-तेरावं झाल्यावर तिनं मला एक वही आणून दिली. म्हणली, "आबा, आई ते हिवकऱ्यांचं सांगायची ना, जेवढं आठवतंय तेवढं लिहा. माझ्या पोरीला पाह्यजे." मी लिहायला बसलो. बाकीचं कसंबसं उतरलं, पण कानापाशी येऊन अडकलो. कारण मला तेव्हा उमगलं की बायकोनं त्या सकाळी कानाचं जे म्हटलं ते दुखण्याचं नसेलही. ते हिवकऱ्यांचं असेल. आणि हिवकरी एकमेकांचे कान कशासाठी बघतात, हेच मला माहीत नव्हतं. वीस वर्षं ऐकलं, पण ध्यान दिलं न्हाई.

हिवकरी कोण ते आधी सांगतो, न्हाईतर वाचणारा म्हणेल म्हातारा बहकला.

मी एक्क्याऐंशी साली जालन्याबाहेर एका बियाण्याच्या कोल्डात हमाल म्हणून लागलो. कोल्ड म्हणजे थंड गोदाम. बाहेर वैशाखाचं ऊन, आणि आत तोंडातून धूर निघायचा. मूळ बियाण्याची एक खोली तर अशी की वीस मिनिटांच्या वर माणूस थांबत नसे. बायका आत येत नसत. त्यांचं काम आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, बी निवडायचं. माझी बायको त्या शेडमध्ये बसायची. वीस वर्षं बसली, पण दाराच्या आत काय आहे ते तिनं एकदाही बघितलं न्हाई.

संध्याकाळी घरी चालत येताना ती विचारायची.

"आत काय हाय?"

"पोते."

"पोत्याच्या मागं?"

"भिंत."

"एवढी थंडी करून ठेवली, अन् ऱ्हायला कोणीच न्हाई?"

"बी हाय की."

"बी झोपतं. मी ऱ्हायचं इचारून राह्यले."

मी म्हणायचो, डोकं खाऊ नको. पण ती सोडायची न्हाई, आणि मी थकलेला असलो की एखादी गोष्ट सांगून मोकळा व्हायचो. पाइपावर पांढरं धरतं, सरकीवर लव असती तसं, असं एकदा बोललो. दुसऱ्या दिवशी शेडमधल्या सगळ्या बायकांना माहीत झालं होतं की कोल्डात हिवकरी राहतात आणि त्यांच्या आंगावर सरकीसारखी पांढरी लव असते. उंची उभ्या पोत्याएवढी. डोळे पाण्यासारखे. मी म्हणलो वीस मिनिटांच्या वर आत थांबता येत न्हाई, तर तिनं ते उलटं केलं. हिवकऱ्याला बाहेर वीस मिनिटांच्या वर थांबता येत न्हाई. असं तिचं चालायचं. माल माझा आणि दुकान तिचं.

मी वाद घालायचो, कारण मला खोटं बोललेलं खपत न्हाई.

"एवढ्या थंडीत रक्त गोठंल की त्यांचं."

"त्यांच्या रक्तात मीठ जास्त हाय. खाऱ्या पाण्याचं लवकर बर्फ होत न्हाई."

हे तिला कोणी सांगितलं? मी कोल्डाच्या मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणला बराबर आहे. मंग मला आणखीच राग आला.

कानाचंही तसंच. हिवकऱ्यांचे कान पिंपळाच्या पानाएवढे, टोकाला निमुळते, इतके पातळ की पलीकडचा उजेड दिसावा. मी म्हणलो, थंडीतल्या जनावराला कान बारीक पाह्यजेत, मोठ्या कानातून ऊब निघून जाईल. ती म्हणली, "त्यांना थंडीची कशाला भीती? भीती उबेची हाय. नको ती ऊब जायला वाट नको का?"

त्यांच्यात चूल न्हाई. पाहुणा आला की त्याला सगळ्यात गार जागी बसवतात आणि कोमट पाणी देणं म्हणजे अपमान. मोठ्यानं कोणी बोलत न्हाई, बोललं की आंग तापतं. लाईट गेली आणि कोल्डाचं मशीन थांबलं की शेडमधल्या बायका निवडणं थांबवून दाराकडं बघायच्या. मुकादम म्हणायचा, काय बघता? बायको सांगायची, "गप बसलेत बिचारे." मुकादमही मंग दाराकडं बघायचा.

लग्नाचं तिनं क्रॉसिंगमधून आणलं. पावसाळ्याच्या शेवटी शेडमधलं काम कमी व्हायचं तेव्हा ती अंबडकडं कपाशीच्या क्रॉसिंगला, म्हणजे संकराचं बी करायला, जायची. संध्याकाळी मादीच्या ओळीतल्या कळीतले नराचे केसर काढून टाकायचे, सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्यावर घासायचं, आणि झालं म्हणून देठाला दोरा बांधायचा. तर हिवकऱ्यांचं लग्नही तसंच, सकाळी, आणि झालं म्हणून कानाला लाल दोरा. बायका तिला छेडायच्या, "अन् ते घासायचं कुठं ग?" ती म्हणायची, "ते तुमच्या दाजीला इचारा, आत तो जातो." मी तिथून पाण्याची घागर घेऊन निघून जायचो.

लेकराचं मला अजून नीट लागत न्हाई. कधी ती म्हणायची, दोन हिवाळे पोटात ठेवतात. कधी म्हणायची, पोटात थोडेच दिवस, मंग बियासारखं गार जागी निजवून ठेवतात, तेव्हाच ते उगवतं. मी वहीत दोन्ही लिहिलं, तर पोरगी म्हणली यातलं एक काहीतरी ठेवा. मी म्हणलो, तुझ्या आईनं ठेवलं न्हाई, मी कोण ठेवणार?

तर कानाचं. पहिल्यांदा पोरीलाच विचारलं. तिला खरं कारण सांगितलं न्हाई. नुसतं म्हणलो, हिवकरी कान कशाला बघतात, लिहायचंय.

"लेकरू आजारी हाय का ते बघायला," ती म्हणली. "आई माझे असेच बघायची. कान गार असले की जा खेळायला, गरम असले की नीज."

म्हणजे बायको मला म्हणत होती, मी आजारी आहे. पण ते तर मला दिसतच होतं. आजारी माणूस तीन दिवस खाटेवर पडलेला, तो कशाला सांगेल की मी आजारी आहे? माझं समाधान झालं न्हाई.

आमच्याच गल्लीत एक बाई आहे, ती शेडमध्ये बायकोच्या बाजूला बसायची. तिच्याकडं गेलो. ती भाजी निवडत होती.

"या दाजी, बसा. गार जागी बसवू का?"

"चेष्टा नको. हिवकरी कान कशाला बघतात, सांग."

"भांडणासाठी."

"म्हंजे?"

"त्यांच्यात वरडून भांडत न्हाईत ना. दोघांचं वाजलं की एकमेकांचे कान धरून बघायचे. ज्याचे गरम त्याची चूक. शेडमधी कोणाचं वाजलं की ती तसंच करायची. माझेच गरम निघायचे दर बारीला." ती हसली. "लबाड व्हती. ज्याच्यावर राग त्याचे गरम सांगायची."

मी उठून आलो. कारण त्या सकाळी आमचं वाजलं होतं. मी म्हणत होतो, जीप करू, मोठ्या दवाखान्यात जाऊ. ती म्हणत होती, आता न्हाई, मला हलवू नका. मी बोलू नये ते बोललो. म्हणलो, मरायचं असंल तर मर इथंच. असं बोललो मी. लिहायला लाज वाटते, पण बोललो. आणि त्याच्यावर ती म्हणाली, कान बघा माझे.

म्हणजे काय? माझे गरम आहेत, माझी चूक आहे, असं? का तुमचे गरम आहेत ते मी बघते, तुम्ही माझे बघा, असं? आणि मी काय केलं, तर गरम तेल आणलं. हिवकऱ्याला कोमट पाणीसुद्धा चालत न्हाई, आणि मी तिच्या कानात तेल ओतलं. चार दिवस मला अन्न गेलं न्हाई. पोरगी फोनवर म्हणली, "आबा, तिचा कानच दुखत असेल हो." असेलही. पण मंग डोळे का मिटले?

शेडमधली सगळ्यात जुनी बाई आता राजूरला असते, लेकाकडं. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. गणपतीच्या देवळासमोर तिच्या लेकाचं नारळाचं दुकान आहे, ती तिथं बसते. मी बसनं राजूरला गेलो. मंगळवार होता, गर्दी होती. मी तिच्या बाजूच्या फळीवर बसलो. तिनं मला बघितलं आणि आधी रडून घेतलं, मंग एका गिऱ्हाइकाला नारळ दिला.

"बोल. कशाला आल्ता?"

मी सगळं सांगितलं. तेलाचंही सांगितलं आणि मरायचं बोललो तेही सांगितलं. तिनं ऐकलं. पदरानं डोळे पुसले.

"अरं, ते कानाचं तिचं न्हाई. तुझं हाय."

"माझं कसं?"

"तू नवा लागल्ता. त्या गार खोलीत गेला अन् पोते मोजत बसला, टाइमच कळला न्हाई तुला. बाहेर आला तो पांढराफटक. सरळ शेडमधी आला, एवढ्या बायांच्या पुढी. अन् तिला म्हणला, माझे कान हायत का बघ, मला कळून न्हाई राह्यले."

"मी?"

"तू न्हाई तर काय मी? ती नवी नवरी, आमच्या सगळ्याइच्या समोर उठली अन् तुझे दोन्ही कान हातात धरले. धरून उभी. आम्ही हसू राह्यलो, मुकादम हसू राह्यला, पण तिनं सोडले न्हाईत. वर्षभर आम्ही तिला त्यावरून छळलं. मंग तिनं ते हिवकऱ्याचं काढलं, आमची तोंडं बंद करायला. पहिले नुसते कानच व्हते. आंग, लव, लगीन, ते मागून."

मला यातलं काहीच आठवत न्हाई. मी तिथं बसून लई वेळ आठवून बघितलं. त्या खोलीच्या दाराची कडी कशी होती ते आठवतं. पोत्यांवरच्या शिलाईच्या दोऱ्याचा रंग आठवतो. मिस्त्री पायानं लंगडायचा ते आठवतं. कान न्हाई.

"तर हिवकरी कान कशाला बघतात मंग?" मी विचारलं.

"ती म्हणायची, हिवकरी लांबून आला की त्याला स्वतःचे कान कळत न्हाईत. दुसऱ्यानं धरून सांगावं लागतं, हायत म्हणून. लेकराचं, भांडणाचं, ते तिनं ज्याला त्याला सांगितलं असंल. खरं हे हाय."

"म्हंजे मी नुसते धरायचे व्हते."

"धरायचे व्हते अन् हायत म्हणायचं व्हतं. एवढंच." मंग माझ्या तोंडाकडं बघून म्हणली, "आता ते तुला कसं ठाऊक? ताप चढलेलं माणूस काहीबी बोलतं. कदाचित दुखतही असंल."

एक बाई पोराला घेऊन आली, तिनं नारळ आणि फुलं घेतली, पैशांवरून घासाघीस केली. मी थांबलो.

"मावशी, तेल सोडताना कान धरावा लागतो," मी म्हणलो. "पाळी धरून वर ओढावी लागती, न्हाईतर तेल आत जात न्हाई. मी आधी डावा धरला, मंग उजवा. लई तापले व्हते. दोन थेंब जाईपर्यंत धरले असतील. एकेक करून."

"बरं मंग?"

"ते चालंल का? दोन्ही एकदम धरले न्हाईत. अन् हायत म्हणलो न्हाई. म्हणलो, हलू नको."

मावशीनं पुढ्यातल्या नारळाच्या शेंड्या सारख्या केल्या.

"मला काय इचारतो?" ती म्हणली. "त्या लोकाइचं सगळं तिला माहीत. मी कधी आत गेले?"

बस यायला वेळ होता. तिनं मला जेवून जा म्हणलं, मी जेवलो. घरी आल्यावर पोरीच्या वहीत लिहिलं की हिवकरी लांबून आला की त्याचे कान दुसऱ्यानं धरून सांगावं लागतं, हायत म्हणून. त्याच्या खाली लिहिलं, दोन्ही एकदम धरायचे का एकेक करून चालतात, ते माहीत न्हाई.