लाखेत बसवलेला रुपया

मी पोहोचलो तेव्हा गाय थोरल्या भावाच्या गोठ्यात बांधून झाली होती. धाकट्याची बायको मंदाताई ओट्यावर बसली होती. मला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आले बघा रुपयावाले शेठ. आमची दुभती गाय गेली आन् घरात चिल्लर आली."

नगरला माझं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. श्रीगोंदा तालुक्यातल्या या गावात मला धाकट्या अशोकनं बोलावलं होतं. वडील गेल्यावर दोघा भावांची वाटणी चालली होती. देव्हाऱ्यात बादशाही काळातला चांदीचा एक रुपया होता. थोरल्या रावसाहेबांना तो विकायचा होता, अशोकला तो देव्हाऱ्यातच हवा होता. मग असं ठरलं, की रुपया अशोकनं ठेवायचा आणि निम्म्या किमतीपोटी गाय थोरल्याला द्यायची. किंमत ऐंशी हजार धरली होती. मंदाताईला ती पटत नव्हती, म्हणून मी समक्ष येऊन सांगायचं होतं.

किंमत मीच सांगितली होती. फोनवर.

रावसाहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता. जुनी नाणी हातानं पाडत. दोन ठशांच्या मध्ये चांदीची चकती ठेवायची आणि वरून हातोडा हाणायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे बराच मजकूर काठाबाहेर जाई. घाव तिरका बसला तर उरलेलाही पुसट. या फोटोत मात्र बादशहाचं नाव पूर्ण होतं आणि अक्षरांच्या कडा नखाला लागतील इतक्या उठलेल्या. याला आम्ही शार्प स्ट्राइक म्हणतो.

"टाकसाळ कुठली?" मी विचारलं.

"आपल्या नगरचीच की. वडील सांगायचे."

त्या बादशहाचे नगरला पाडलेले रुपये फार थोडे दिसतात. नगरचं नाव ऐकून मी हरखलो. "ऐंशीपर्यंत जाईल," बोलून गेलो.

टाकसाळीचं, म्हणजे शहराचं नाव नाण्याच्या दुसऱ्या बाजूला असतं. हे मला माहीत होतं. तरी दुसरा फोटो मी मागितला नाही.

आता अशोकनं रुपया माझ्या हातावर ठेवला. वजन बरोबर, चांदी बरोबर, नाणं अस्सल. बादशहाच्या नावाची बाजू फोटोपेक्षाही देखणी. मी तो उलटला. दुसरी बाजू वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. भिंगाखाली एका अक्षराचा शेपटा तेवढा दिसला. तो कुठल्याही शहराचा असू शकत होता.

"ही बाजू अशी कशानं झाली?"

"ती वरची बाजू," अशोक म्हणाला. "आज्यानं सोनाराकडून तांब्याच्या ताटलीत लाखंनं बसवून घेतला हुता. दर दिवाळीला चिंच लावून घासायचा, रोज गंध. खालची बाजू आमी कुनीच बगितली नव्हती. दादानं ताटली तापवून रुपया काढला, तवा दिसली."

लाखेखाली झाकलेली बाजू टाकसाळीतून आल्यासारखी राहिली होती. ज्या नावावर ऐंशी हजार अवलंबून होते, ते या घरानं पूजा करून घासून टाकलं होतं.

मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. अशोक नाणं विकणार नव्हता. माझा आकडा देव्हाऱ्यात सुखानं राहिला असता. हा विचार माझ्या मनात आला, आणि नको इतका वेळ राहिला. मग म्हणालो, "रावसाहेबांना बोलवा."

ते आले.

"तीन हजार," मी म्हणालो. "फार तर साडेतीन."

"ऐंशीचं तीन? शेठ, यानं चा पाजला का काय तुमाला?"

"चूक माझी आहे. शहराचं नाव न वाचता मी नगरचा भाव सांगितला."

"म्हंजी मी फसवलं व्हय? घासलेली बाजू कशाला पाठवायची म्हनून न्हाई पाठवली. स्थळाला फोटो धाडताना बरा फोटोच धाडत्यात की!"

"तुम्ही नाही फसवलं. विचारणं माझं काम होतं."

"मग तुमीच घ्या ऐंशीला. भाव तुमचाच हाय."

अशोकच मध्ये बोलला, "दादा, रुपया इकायचा न्हाई. तिनाचा असला तरी न्हाई."

"इकू नका," मंदाताई म्हणाली. "पन दीड हजारापायी गाय देत्यात का कुनी? भाऊ, दीड हजार घ्या आन् गाय सोडा."

"पेंड माझी खाल्ली तिनं."

"आठ दिस दूधबी तुमीच काढलं की!"

रावसाहेबांनी रुपया घेतला. गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला. मग गोठ्यात गेले आणि दावं सोडून अशोकच्या हातात दिलं.

"दीड हजार नको मला," ते म्हणाले. "पन या मानसाला पुन्हा दारात आनू नको."

अशोक मला गाडीभाडं देऊ लागला. मी घेतलं नाही. त्यानं मन हलकं झालं, असं मात्र नाही.

दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय नाण्याला पैसे मोजू नका, हे आम्ही गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. आपल्याच गावाचं नाव निघालं की सांगणाराही उलटून बघायचं विसरतो, एवढं त्यात घालायला हवं.